संगणकावरील हिशोब आणि माझ्या काही चुका

बँकेतील पस्तीस वर्षांच्या नोकरीत रोकड एका रुपयानेही जुळली नाही, तर ती जुळेपर्यंत घरी जायचे नाही, या शिस्तीत आमची पिढी वाढली. त्यामुळे निवृत्तीनंतर धाकट्या भावाने लालबागच्या दुकानाचे हिशोब पाहण्याची विनंती केली, तेव्हा ती मी आनंदाने, आणि थोड्या अहंकारानेही, स्वीकारली. मिरची, हळद, धने आणि खडा मसाला यांचा आमचा पिढीजात व्यापार. वडिलांच्या काळी लाल बासनातील वह्या होत्या. आता टॅली आहे. लक्ष्मीपूजनाला वहीशेजारी संगणकालाही कुंकू लागते.

बँकेत दिवसाचे काम संपल्यावर संगणकातील माहितीची प्रत काढून ती तिजोरीत ठेवली जाई, आणि दुसरी प्रत दुसऱ्या शाखेत जाई. दुकानातही मी हाच नियम लावला. रोज रात्री शटर ओढण्यापूर्वी संगणकाच्या पडद्यावरील टॅलीचे चिन्ह पेनड्राइव्हवर उतरवून घेई आणि तो गल्ल्यात ठेवी. हा क्रम सात महिने एक दिवसही चुकला नाही.

मे 2023 मध्ये, मसाल्याच्या ऐन हंगामात, 16 तारखेला दुपारी वीज गेली, आली, पुन्हा गेली. यूपीएसची बॅटरी केव्हाच थकली होती. त्यानंतर संगणक सुरू झालाच नाही. लॅमिंग्टन रोडवरील दुरुस्तीवाल्या तरुणाने हार्ड डिस्क उघडून पाहिली व मान हलविली. मी शांत होतो. खिशातून पेनड्राइव्ह काढून त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो लावला आणि म्हणाला, "काका, यात डेटा नाही. नुसता शॉर्टकट आहे. दोन केबीचा."

सात महिने मी दुकानाच्या हिशोबाची नव्हे, तर दुकानाच्या पाटीची प्रत काढत होतो. पडद्यावरील चिन्ह म्हणजे केवळ एक वाट. खरी माहिती डेटाच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असते. फाइलीचा आकार एकदा जरी पाहिला असता, तरी हे लक्षात आले असते. वर्षभराचा व्यापार दोन केबीत कसा मावेल? व्हाउचरवरील प्रत्येक आकडा तपासणाऱ्या माणसाने हा एक आकडा तपासला नाही.

सुदैवाने 31 मार्चचा हिशोब सनदी लेखापालांच्या कार्यालयात होता. एप्रिल आणि अर्धा मे मात्र नाहीसा झाला होता, आणि 20 तारखेपर्यंत जीएसटीआर-3बी भरावयाचे होते. हाती चार दिवस. एप्रिलच्या खरेदीची बिले जीएसटी पोर्टलवरील जीएसटीआर-2बी मधून मिळाली; हे विवरण दर महिन्याच्या 14 तारखेला तयार होते, हे त्या दिवशी वरदानासारखे वाटले. विक्रीच्या बिलांच्या दुसऱ्या प्रती वडिलांच्या जुन्या सवयीप्रमाणे तारेला टोचलेल्या होत्या. पुतणी, मी आणि एक मुनीम असे तिघे रात्री उशिरापर्यंत बसून नोंदी करीत होतो. विवरण मुदतीत गेले.

खरा घाव पुढे बसला. धनादेशाने व यूपीआयने आलेली वसुली बँकेच्या उताऱ्यावरून लागली. रोखीच्या वसुलीचा भरणा उताऱ्यात एकत्रित दिसतो. कोणाची रक्कम किती, हे त्यातून कळत नाही. पावतीची दुसरी प्रत छापणे कागद वाचविण्यासाठी मीच बंद करविले होते. तेव्हा उधारीची यादी आम्ही अंदाजाने तयार केली आणि परळच्या एका जुन्या किराणा व्यापाऱ्याकडे 18,400 रुपयांची मागणी गेली.

तिसऱ्या दिवशी ते स्वतः दुकानात आले. तीस वर्षांचा व्यवहार. त्यांनी खिशातून 27 एप्रिलची आमचीच छापील पावती काढून गादीवर ठेवली. आवाज चढविला नाही. "शेठ, तुमच्या वडिलांनी आमच्याकडे कधी दोनदा पैसे मागितले नव्हते," एवढेच ते भावाला म्हणाले. भाऊ माझ्याकडे पाहू शकत होता. त्याने पाहिले नाही. "चूक आमची," असे म्हणून त्याने हात जोडले. मी उठून त्यांना सर्व प्रकार सांगितला, दोन केबीसकट. ते चहा न घेता गेले.

त्यानंतर दुकानात जी पद्धत सुरू झाली, ती सविस्तर सांगतो. प्रत टॅलीतील बॅकअपच्या आज्ञेनेच काढावयाची, पडद्यावरून चिन्ह ओढून नव्हे. दोन बाह्य हार्ड डिस्क आहेत, एक सम तारखेची व एक विषम तारखेची. त्या दिवशीची डिस्क रात्री भावाबरोबर गिरगावातील घरी जाते. 26 जुलै 2005 च्या पावसात हिंदमाता-परळ भागात तळमजल्यावरील दुकानांत पाणी शिरले, तेव्हा गल्ल्यातील प्रतीचा काय उपयोग झाला असता? प्रत निघताच डिस्क संगणकापासून काढून ठेवावी. मे 2017 मध्ये जगभर पसरलेल्या वॉनाक्राय या खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केल्या. अशा वेळी संगणकाला जोडलेली प्रतही वाचत नाही. आठवड्यातून एकदा एक प्रत क्लाउडवरही चढविली जाते. आणि सर्वांत महत्त्वाचे: महिन्याच्या पहिल्या रविवारी पुतणी घरच्या संगणकावर ती प्रत उघडून पाहते. शेवटच्या व्हाउचरची तारीख आणि रोख शिल्लक दुकानाशी जुळली, तरच ती प्रत खरी मानावयाची. जीएसटी कायद्यानुसार हिशोब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. तेव्हा हा उद्योग हौसेचा नाही. पावतीची दुसरी प्रतही पुन्हा छापली जाते.

दुसरी चूक लहान, पण मजेशीर. आमच्या गृहनिर्माण संस्थेने सभासदांना काही रक्कम परत करावयाची होती. खाते क्रमांकांची यादी मी एक्सेलमध्ये केली. एक्सेल संख्येचे पंधराच अंक ध्यानात ठेवते. सोळा अंकी क्रमांकांचा शेवटचा अंक शून्य झाला आणि आरंभीची शून्ये गळून पडली. बँकेने यादी परत पाठविली, हे नशीब. आकडे टाइप करण्यापूर्वी तो स्तंभ टेक्स्ट प्रकारचा करावा. नंतर केल्यास गेलेला अंक परत येत नाही.

तिसरी सांगताना आजही संकोच वाटतो. गेल्या वर्षी एका कुरिअरचा क्रमांक मी इंटरनेटवर शोधला आणि वर दिसला त्यावर फोन केला. समोरच्या गृहस्थांनी अत्यंत नम्रपणे एक ॲप उतरवून घ्यायला सांगितले. ते पडदा दाखविणारे ॲप होते. दोन व्यवहार झाल्यावर मी फोन बंद केला. पत्नी म्हणाली, "लोकांना काय वाटेल ते नंतर पाहू, आधी फोन लावा." तिच्या फोनवरून 1930 वर तक्रार नोंदविली, मग बँकेला कळविले. पहिली रक्कम गेली. दुसरी पुढच्या बँकेत अडकवली गेली आणि काही महिन्यांनी परत मिळाली. त्या अर्ध्या तासात मी लाजत बसलो असतो, तर तीही गेली असती. आता क्रमांक बिलावरून किंवा पासबुकावरूनच घेतो. रिझर्व्ह बँकेने बँकांच्या संकेतस्थळांसाठी बँक-डॉट-इन असा शेवट ठरवून दिला आहे. पत्ता वाचताना तो शेवट पाहावा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका म्हणून एपीके नावाची फाइल आली, तर ती उघडू नये. पत्रिका ही चित्र किंवा पीडीएफ असते, ॲप नसते.

परळचे ते व्यापारी सहा महिने आले नाहीत. दिवाळीआधी त्यांच्या मुलाचा फोन आला: वीस किलो बेडगी, दहा किलो धने. माल मी स्वतः टेम्पोबरोबर घेऊन गेलो. त्यांनी रक्कम रोख मोजून दिली आणि म्हणाले, "पावती दोन प्रतींत करा, काका."

मी केली.