औंढ्याची निर्वात नळी आणि दवाखान्यातली वाफ

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याच्या माळावर जी प्रयोगशाळा उभी राहत आहे, तिचा सगळ्यात चिवट शत्रू म्हणजे पाण्याची वाफ. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या लायगो-इंडियामध्ये एकमेकींशी काटकोन करणाऱ्या चार-चार किलोमीटरच्या दोन पोलादी नळ्या असतील. त्यांतून लेसरचा झोत ये-जा करील आणि दूर कुठे दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळली की अवकाशाला बसणारा हिसका त्या झोताच्या वाटेत मोजला जाईल. अमेरिकेतल्या हॅनफर्ड आणि लिव्हिंग्स्टन इथल्या यंत्रांनी 14 सप्टेंबर 2015 रोजी असा पहिला हिसका टिपला, तेव्हा चार किलोमीटरच्या लांबीत पडलेला फरक प्रोटॉनच्या व्यासाहून शेकडो पटींनी लहान होता. इतके बारीक मोजायचे तर झोताच्या वाटेत हवेचे रेणू आडवे येऊन चालत नाहीत, म्हणून नळीतला दाब बाहेरच्या हवेच्या एक लाख कोटीव्या भागापर्यंत खाली आणावा लागतो. नायट्रोजन आणि ऑक्सिजन पंपाने ओढले की जातात. पाणी मात्र पोलादाला धरून बसते आणि महिनोन्‌महिने थोडेथोडे सुटत राहते. त्यासाठी अमेरिकेतल्या नळ्या अक्षरशः भाजून काढाव्या लागल्या. बाहेरून उष्णतारोधक आवरण गुंडाळले, नळीच्याच अंगातून सुमारे 2,000 अँपिअरचा प्रवाह सोडला, पोलाद दीडशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापवले आणि जवळजवळ महिनाभर तसेच ठेवले. त्यानंतरही नळ्यांच्या टोकांना द्रव नायट्रोजनने थंड केलेले पंप राखणीला आहेतच. आरशांच्या टाक्या दुरुस्तीसाठी उघडल्या की आत शिरणारी वाफ त्यांच्या गार पृष्ठभागावर गोठून अडकते.

दवाखान्यातल्या अतिदक्षता विभागात याच वाफेसाठी उलटी धडपड चालते. ऑक्सिजनच्या कारखान्यात हवा द्रवरूप करण्याआधी तिच्यातले पाणी काढून टाकावे लागते, नाहीतर ते गोठून यंत्र तुंबवते. त्यामुळे टाकीतून किंवा सिलिंडरमधून येणारा ऑक्सिजन ठणठणीत कोरडा असतो. निरोगी माणसाचे नाक आणि श्वासनलिका आत येणारी हवा 37 अंशांपर्यंत तापवतात आणि फुप्फुसात पोचेपर्यंत तिच्या प्रत्येक लिटरमध्ये सुमारे 44 मिलिग्रॅम पाणी भरतात. घशात नळी घालून रुग्णाला व्हेंटिलेटरवर ठेवले की नाकाचे हे काम बंद पडते, कफ वाळतो, घट्ट होतो आणि नळीच बुजण्याची वेळ येते. ते काम ह्युमिडिफायरला करावे लागते. ऑक्सिजनचा प्रवाह मोजणाऱ्या फ्लोमीटरखाली लटकणारी, बुडबुडे सोडणारी बाटली हा त्याचा सर्वांच्या ओळखीचा पण सर्वांत दुबळा प्रकार. मिनिटाला चार लिटरपेक्षा कमी ऑक्सिजन नाकातल्या नळीने द्यायचा असेल तर ती बाटली बहुतेक वेळा लागतही नाही, आणि तिच्यात नळाचे पाणी भरले तर ती असण्यापेक्षा नसलेली बरी. 2021 मध्ये म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार पसरला तेव्हा अनेक डॉक्टरांनी या पाण्याकडे बोट दाखवले होते. ते सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. अनियंत्रित साखर आणि स्टेरॉइड ही कारणे कितीतरी भक्कम आहेत. व्हेंटिलेटरला लागतो तो तापवणारा ह्युमिडिफायर. त्याचा एक महत्त्वाचा आरंभ 1969 मध्ये न्यूझीलंडच्या ऑकलंड शहरात झाला. अतिदक्षता विभागाचे डॉ. मॅट स्पेन्स आणि सरकारी नोकरीतले विद्युत अभियंते आल्फ मेलव्हिल यांनी फ्रीज व धुलाई यंत्रे बनवणाऱ्या फिशर अँड पायकेल या कारखान्याला बरोबर घेतले. पहिला नमुना फळे टिकवून ठेवायच्या काचेच्या बरणीचा होता. त्या कारखान्याची वैद्यकीय शाखा पुढे वेगळी कंपनी झाली, आणि आज ती जगभरच्या रुग्णालयांना श्वसनाची यंत्रे पुरवते.

एक यंत्र वाफ हुसकावते, दुसरे मोजून-मापून घालते, पण दोन्हींना लागणारे कसब एकच आहे. जोड गळू न देणे, तापमान अंशाच्या आत राखणे, पृष्ठभाग निर्मळ ठेवणे, आणि मोजणारा काटा खरे बोलतो का हे ठरावीक काळाने तपासणे. या लेखाचे म्हणणे एवढेच, की हिंगोलीला लायगोतून मिळण्याजोगी सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे हे कसब होय; कृष्णविवरांच्या बातम्या तर पुण्यात आणि मुंबईतही वाचता येतील. भारताला गुरुत्वीय लहरींचे गणित शिकवण्याची गरज नाही. हादरलेले कृष्णविवर कसे शांत होत जाते, हे सी. व्ही. विश्वेश्वरा यांनी 1970 मध्येच दाखवले. पुण्याच्या आयुकामध्ये संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी गोंगाटात बुडालेला लहरींचा ठसा हुडकण्याची रीत 1990 च्या सुमारास मांडली. तेव्हा लायगोच्या नळ्या कागदावरच होत्या. आपली अडचण गणिताच्या पुढच्या टप्प्यावर, वर्कशॉपच्या दाराशी सुरू होते. कोविडच्या महासाथीत ती उघडी पडली. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर विमानांनी बाहेरून येत होते, आणि आलेली यंत्रे बिघडली तर ती उघडून पाहणारा माणूस जिल्ह्याच्या ठिकाणी सापडत नव्हता.

प्रयोगशाळेतले कसब दवाखान्यात किती लवकर उतरू शकते, याचा पुरावा त्याच काळातला आहे. एप्रिल 2021 मध्ये आयआयटी मुंबईत अतिशीत तंत्रज्ञानाचे प्राध्यापक मिलिंद अत्रे यांच्या पुढाकाराने तिथले नायट्रोजन बनवणारे संयंत्र ऑक्सिजनकडे वळवले गेले. हवेतला नको तो वायू शोषून घेणारी कार्बनची चाळणी काढून तिथे झिओलाइटची बसवली, आणि 93 ते 96 टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळू लागला. देशात असे नायट्रोजन संयंत्र असलेले कारखाने पुष्कळ आहेत. ते ऑक्सिजनकडे वळवता येतील हे सांगायला ते संयंत्र आतून माहीत असलेली माणसे लागली. लायगो-इंडियाच्या भागीदार संस्थांचा इतिहासही हेच सांगतो. निर्वात यंत्रणेची जबाबदारी असलेली गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था संलयनाच्या प्रयोगांसाठी ओळखली जाते, पण रुग्णालयांतला घातक कचरा प्लाझ्माच्या उष्णतेने नष्ट करण्याची भट्टीही तिनेच विकसित केली, आणि 2016 च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत त्या पद्धतीला जागा मिळाली. लेसर आणि प्रकाशयंत्रणा सांभाळणाऱ्या इंदूरच्या राजा रामण्णा केंद्राने स्वतः बनवलेल्या इलेक्ट्रॉन त्वरकांवर वैद्यकीय उपकरणे निर्जंतुक करण्याची सोय उभी केली आहे. 

यावरचा पहिला आक्षेप खर्चाचा, आणि तो हलका समजू नये. 6 एप्रिल 2023 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेली रक्कम 2,600 कोटी रुपये आहे, आणि 1999 मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात गंभीर रुग्णाला आजही नांदेडची वाट धरावी लागते. ही रक्कम रुग्णालयांवर का खर्च केली नाही? एक तर हा पैसा अणुऊर्जा आणि विज्ञान-तंत्रज्ञान विभागांचा आहे. प्रकल्प झाला नसता तर तो हिंगोलीच्या दवाखान्याकडे वळला असता, असे मानायला आधार नाही. दुसरे असे, की रुग्णालय आता आले आहे: 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातल्या ज्या दहा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचे उद्‌घाटन झाले, त्यांत हिंगोलीचे आहे. इमारत आणि खाटा पैशाने येतात. यंत्र चालू ठेवणारी माणसे तशी विकत आणता येत नाहीत, आणि वैद्यकीय महाविद्यालयाला पाच-सात वर्षांत भासणारी टंचाई नेमकी तीच असेल.

दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. वैद्यकीय यंत्रेच हवी असतील तर त्यांच्यावर थेट काम करा, कृष्णविवरांचा वळसा कशाला? तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने हृदयाची कृत्रिम झडप कोणत्याही महाप्रयोगशाळेविना घडवली. आधीचे तीन नमुने फसले, चौथा डिसेंबर 1990 मध्ये रुग्णाच्या हृदयात बसला. आयआयटी मुंबईतले बेटिक केंद्र 2014 पासून डॉक्टर आणि अभियंते यांना एका टेबलावर बसवून उपकरणे घडवते, त्याच्या शाखा नागपूर आणि पुण्यात आहेत. हा आक्षेप मला निम्मा मान्य आहे. मोठ्या प्रकल्पातून आपोआप काही पाझरत नाही, आणि ‘उपउत्पादने निघतील’ ही सबब जगभर भरपूर वापरली गेली आहे. पण चित्रा आणि बेटिक यांचे यश ज्या गोष्टीवर उभे आहे ती म्हणजे जवळपणा: शस्त्रक्रिया करणारा आणि लेथवर उभा राहणारा रोज एकमेकांना भेटू शकतात. ऑकलंडमध्येही तेच घडले. हिंगोली जिल्ह्यात आजवर ही दोन टोके अशी जवळ नव्हती. आता औंढ्याच्या परिसरात निर्वात, लेसर आणि अतिशीत यंत्रणांची माणसे असतील आणि तालुक्याच्या अंतरावर अतिदक्षता विभाग.

अर्थात प्रयोगशाळेचा गाभा अमेरिकेतून येणार आहे, हेही नाकारण्यात अर्थ नाही. हॅनफर्डलाच दुसरे यंत्र म्हणून बसवायचे ठरलेले भाग, किंमत सुमारे 8 कोटी डॉलर, भारताला मिळत आहेत. चाळीस किलोचे आरसे आणि ते टांगायचे काचेचे तंतू आपण बनवलेले नसतील. पण नळ्या, टाक्या, पंपांची जोडणी आणि सगळ्या यंत्राची जुळणी इथेच करायची आहे. तीन मिलिमीटर जाडीचे पोलाद किलोमीटरच्या लांबीत वेल्ड करायचे आणि हेलियमचा एक कणही आत झिरपत नाही हे दाखवायचे, हे आयात करता येत नाही. इथल्या वेल्डरलाच ते शिकावे लागते. राहिला भूकंपाचा मुद्दा. 2024 मध्ये हिंगोलीत 4.5 तीव्रतेचे धक्के बसले, वसमत-औंढा भागातली गावे जमिनीखालच्या गूढ आवाजांना वर्षानुवर्षे सरावली आहेत. अशा धक्क्याने यंत्राचे मोजमाप काही तास खंडित होते, जसे ते हॅनफर्डलाही दूरच्या भूकंपांनी होते. रेल्वे, कारखाने आणि समुद्राच्या लाटांची अखंड थरथर मात्र रात्रंदिवस छळते, आणि ती इथे कमी असल्यानेच ही जागा निवडली गेली. तरी इमारतींच्या आणि नळ्यांच्या आधारांचा विचार या धक्क्यांना धरूनच व्हायला हवा, आणि त्याची माहिती गावकऱ्यांना मराठीत मिळायला हवी.

मोजमापाची गरज इथल्या शेतकऱ्यालाही नवी नाही. वसमतच्या हळदीचा भाव ती किती वाळली यावर बराच ठरतो. शिजवून वाळवलेल्या हळकुंडात पाणी दहा टक्क्यांच्या आसपास उरले पाहिजे, आणि व्यापारी ते मोडून, खणखणीत आवाज येतो का यावरून अंदाज बांधतो. वसमतलाच हळद संशोधन केंद्र आहे. आर्द्रतामापक तपासून देणारी, मोजमाप प्रमाणित करणारी सोय जवळ असेल तर ती हळदीच्या पोत्याला, रक्ततपासणीच्या यंत्राला आणि ह्युमिडिफायरच्या तापमापकाला सारखीच उपयोगी पडेल. नांदेडच्या श्री गुरु गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी महाविद्यालयात उपकरणशास्त्राचा विभाग आहे, हिंगोलीत तंत्रनिकेतन आहे. लायगो 2030 पर्यंत पुरा करण्याचे ठरले आहे. त्या आधी औंढ्यात वैद्यकीय महाविद्यालय, तंत्रनिकेतन आणि लायगो यांचे एक सामाईक वर्कशॉप उभे करावे, त्यात आयटीआयच्या मुलांना निर्वात जोडणी आणि वैद्यकीय उपकरणांची दुरुस्ती एकत्र शिकवावी, आणि त्यासाठीची तरतूद प्रकल्पाच्या खर्चातच दाखवावी. जिल्ह्याच्या लोकप्रतिनिधींनी मुंबईत आणि दिल्लीत मागायची गोष्ट हीच आहे.