ताकदीच्या बाटलीत ताकद किती?

मागच्या महिन्यात आम्ही तीन गावांतल्या बचत गटांच्या बैठकांना गेलो होतो. हप्त्यांचा हिशोब झाला, चहा झाला, आणि मग तिन्ही ठिकाणी बोलणं फिरून फिरून एकाच गोष्टीवर आलं. "ताई, सकाळी उठतानाच अंग जड असतं. झोपून उठले असं वाटतच नाही." एकीनं सुरुवात केली की बाकीच्या माना हलवतात. कुणाच्या पोटऱ्या दुखतात, कुणाला बांधाची चढण चढताना धाप लागते, कुणाच्या बसून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. आणि मग कुणीतरी म्हणतं, "मी तर सरळ जाऊन ताकदीची बाटली लावून येते. दोन दिवस बरं वाटतं."

आम्ही विचारलं, किती जणींनी या वर्षात अशी बाटली लावून घेतली? निम्म्याहून जास्त हात वर आले. एकीनं तर कापूस वेचणीच्या दिवसांत तीनदा लावली होती. तिन्ही वेळा बाटलीचे पैसे गेले आणि त्या दिवसाचा रोजही बुडाला. म्हणून आज आधी या बाटलीबद्दलच बोलू.

सलाईनची बाटली म्हणजे काय? अर्ध्या लिटरच्या साध्या बाटलीत पाणी असतं आणि साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे जेमतेम चमचाभर. दुसरी असते ती ग्लुकोजची. तिच्यात अर्धा लिटर पाण्याला पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे आपले चहाचे पाच-सहा छोटे चमचे. त्यातून जी ताकद मिळते ती बाजरीच्या अर्ध्या भाकरीत असते तेवढीच. बाटली पिवळी दिसली की आपल्याला वाटतं औषध भारी आहे. तो पिवळा रंग बहुतेक वेळा बी-कॉम्प्लेक्सच्या इंजेक्शनचा असतो.

मग बरं का वाटतं? एक तर आपल्यापैकी कितीतरी जणी दिवसभर पाणीच पीत नाहीत. शेतावर आडोसा नसतो, लघवीला जायची पंचाईत, म्हणून सकाळपासून तहान मारतो. सुकलेल्या अंगाला पाणी मिळालं की तरतरी येणारच. आणि दुसरं कारण सांगितलं तेव्हा बैठकीत हशा पिकला, पण ते खरं आहे. बाटली लागलेली असते तेवढा तास-दीड तास आपण आडव्या असतो आणि कुणी हाक मारत नाही.

जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागलं, तोंडानं काही ठरत नाही, तेव्हा सलाईन जीव वाचवतं. त्याला आमची ना नाही. पण रोजच्या थकव्यावर ते औषध नव्हे. उलट नुकसान असं होतं की दोन दिवस बरं वाटतं आणि थकवा का येतो हे शोधायचं राहून जातं.

आपल्या भागात या थकव्याचं सगळ्यात मोठं कारण आहे रक्त कमी असणं. २०१९ ते २१ या काळात सरकारनं देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी केली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे ५४ जणींचं रक्त कमी निघालं. आपल्या दहा जणींच्या गटात पाच-सहा जणी धरा. त्यामुळेच तर आपल्याला त्यात काही वावगं वाटत नाही. सगळ्याच दमलेल्या, तेव्हा बाईमाणूस म्हटलं की दमायचंच, असं धरून चालतो. घरचे म्हणतात आळशी झाली, नाहीतर म्हणतात वय झालं. आमच्यातल्या एकीला हे तिशीतच ऐकावं लागलं होतं. तिचं रक्त तपासलं तर ७ निघालं.

हे ७ म्हणजे काय ते सांगतो. रक्त कमी म्हणजे अंगातलं सगळं रक्त आटलं असं नव्हे. रक्तात हिमोग्लोबिन नावाचा लाल पदार्थ असतो. श्वासातला प्राणवायू उचलून अंगभर पोचवायचं काम त्याचं. कारखान्याला ऊस न्यायला दहा बैलगाड्या लागत असताना सहाच असल्या तर काय होईल? त्याच गाड्यांना जास्त खेपा कराव्या लागतील. तसं आपलं हृदय जोरात धावायला लागतं. म्हणून छातीत धडधडतं, धाप लागते, हातापायांत त्राण राहत नाही, डोकं चालत नाही, चिडचिड होते. काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. ही लाजायची गोष्ट नाही, अंगात लोह कमी पडल्याची ती खूण असू शकते. हे हिमोग्लोबिन बनायला लोह लागतं.

गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त हवं. ११ ते १२ च्या मधे असेल तर थोडं कमी, ८ ते ११ च्या मधे मध्यम कमी, आणि ८ च्या खाली गेलं तर फारच कमी. गरोदरपणी ११ च्या खाली गेलं की कमी धरतात, आणि ७ च्या खाली म्हणजे तातडीनं दवाखाना गाठायचा. बाळंतपणात रक्त गेलं तर अशा बाईकडे शिल्लक काही नसतं, म्हणून धोका. तपासणी उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात बोटाला सुई टोचून होते, पैसे लागत नाहीत. महिन्यातून एकदा अंगणवाडीत आरोग्य आणि पोषणाचा दिवस असतो, तिथेही नर्सबाई येतात. तारीख आशाताईंना विचारा. डोळ्याची खालची पापणी ओढून पांढरी दिसते का ते आपण घरी पाहतो, पण तेवढ्यावर विसंबू नका.

आता लोह जातं कुठे? दर पाळीला साधारण १५ ते २० मिलिग्रॅम लोह अंगाबाहेर जातं. बाळंतपणं, अंगावरचं पाजणं यात आणखी. म्हणून आहारशास्त्राची देशातली जी मोठी संस्था हैदराबादला आहे, तिच्या हिशोबानं पुरुषाला रोज १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९. म्हणजे आपल्याला दीडपट लागतं. आणि आपल्या घरात ताट वाढायची रीत काय? आधी कारभारी, मग मुलं, मग सासू-सासरे, आणि कढईत उरलेलं आपलं. भाजी संपलेली असली तर ठेचा आणि भाकरी. भाजी थोडी उरेल अशी वाट बघत बसणारी बाई आणि घरात सगळ्यात जास्त लोह लागणारी बाई एकच आहे, हे आम्हालाही हा आकडा कळेपर्यंत कधी सुचलं नव्हतं.

बरं, खाल्लेलं सगळं लोह अंगी लागतं असंही नाही. धान्य-भाज्यांतलं लोह दहा भाग पोटात गेलं तर एखादाच भाग रक्तात उतरतो. त्यावर जेवण झाल्या झाल्या चहा घेतला तर त्यातलंही निम्मं किंवा जास्त वाया जातं. उलट लिंबू, आवळा, पेरू, कच्चा टोमॅटो, मोड आलेली मटकी सोबत असली तर लोह चांगलं शोषलं जातं. म्हणून चहा सोडा असं आम्ही म्हणत नाही, कुणी ऐकणारही नाही. जेवणाच्या आधी-नंतर तासभर चहा नको, एवढंच करा. आणि पालेभाजीवर अर्धं लिंबू पिळा.

मिश्रीचंही बोलायला हवं. सकाळी मिश्री, वर चहा, मग दुपारपर्यंत भूकच लागत नाही, हे कितीतरी जणींचं रोजचं आहे. तंबाखूनं भूक मरते. भूक मेली की कामाला आड येत नाही म्हणून ती सोयीची वाटते, पण उपाशी अंग कामाला पुरणार कसं?

खायचं काय, तर बाजारातल्या डब्यांतल्या पावडरी नकोत. १०० ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या वर लोह असतं, ज्वारीत चारच्या आसपास, आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. रेशनचा तांदूळ आला म्हणून भाकरी सुटली असेल तर एक वेळची तरी परत आणा. राजगिऱ्याचा पाला, तांदुळजा, शेपू, शेवग्याचा पाला बांधावर, परसात मिळतो. अळीव बाळंतिणीपुरते ठेवू नका. तीळ, हरभरा, मसूर, मटकी घ्या. खाणाऱ्यांनी कलेजी, मटण, मासे, सुकट जरूर खावं. त्यातलं लोह भाजीपेक्षा सहज अंगी लागतं. लोखंडी कढई, तवा माळ्यावर टाकला असेल तर काढा. टोमॅटो, चिंच घातलेली भाजी त्यात शिजवली की थोडं लोह भाजीत उतरतं. फक्त शिजल्यावर लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते आणि पोरं तोंड वेंगाडतात. बीटाचं मात्र उगाच नाव झालं आहे. रंग लाल म्हणून रक्त वाढतं असं आपण मानतो, पण त्यात लोह अगदी थोडं. गुळाचंही तेच, चिक्की-लाडवात असू द्या, पण त्याच्यावर भिस्त नको.

पण रक्त एकदा कमी झालं की नुसत्या खाण्यानं भरून यायला फार वेळ लागतो. तिथे गोळ्याच लागतात. लोह आणि फॉलिक ॲसिडची लाल गोळी सरकारी केंद्रात फुकट मिळते. २०१८ पासूनच्या ॲनिमियामुक्त भारत कार्यक्रमात २० ते ४९ वयाच्या बाईला आठवड्याला एक, आणि गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस. बाळंतपणानंतरही १८० दिवस. शाळेतल्या मुलींना निळी गोळी मिळते. तपासणीत रक्त कमी निघालं तर डोस वाढतो, तो डॉक्टर किंवा नर्सबाई सांगतील तसा.

खरी अडचण पुढे येते. गोळ्या घरात येतात आणि डब्यात पडून राहतात. आम्ही एका गावात विचारलं तर पत्र्याच्या डब्यांतून ढीगभर पाकिटं निघाली. का घेत नाही? मळमळतं, तोंडाला लोखंडासारखी चव येते, संडास काळी होते. काळी संडास पाहून एक बाई घाबरून गेली होती. ते घाबरण्यासारखं नाही, न शोषलेलं लोह तसं बाहेर पडतं. मळमळत असेल तर रिकाम्या पोटी न घेता रात्री जेवणानंतर तासा-दोन तासांनी, झोपताना घ्या. लिंबूपाण्याबरोबर चालते. दूध, चहा आणि कॅल्शियमच्या गोळीबरोबर मात्र नको, दोन तासांचं अंतर ठेवा. दोन-तीन आठवड्यांत तरतरी वाटायला लागते आणि तिथेच बहुतेक जणी गोळ्या सोडतात. अंगात लोहाची शिल्लक पडायला तीन महिने तरी लागतात. बचतीचं आपण पहिल्या दोन हप्त्यांनंतर बंद करतो का?

सोबत जंताची गोळीही विचारा. अनवाणी शेतात चालताना मातीतल्या एका जातीच्या जंताची अळी तळपायातून शिरते आणि तो आतड्याला चिकटून रक्त पितो. आपण लोह भरायचं आणि त्यानं प्यायचं, असं चालू राहतं.

रक्त ८ च्या खाली असेल किंवा गोळ्या लागू पडत नसतील तर मोठ्या सरकारी दवाखान्यात शिरेतून लोह देतात. तीही बाटलीच असते, पण तपकिरी रंगाची, आणि तिच्यात खरोखर लोह असतं. तिला नाही म्हणू नका. आदिवासी भागातल्या आणि ज्यांच्या घरात सिकलसेल आहे अशा मैत्रिणींनी मात्र सिकलसेलची तपासणी आधी करून घ्यावी. तिथे रक्त कमी होण्याचं कारण वेगळं असतं आणि मनानं लोह घेऊन चालत नाही.

पाळीत सात दिवसांहून जास्त जात असेल, तासा-दोन तासाला कपडा बदलावा लागत असेल, गाठी पडत असतील, तर कितीही गोळ्या खा, गळक्या हंड्यात पाणी भरल्यासारखं होईल. त्यावर औषधं आहेत. एवढ्यावरून कुणी पहिल्याच भेटीत पिशवी काढायला सांगितली तर सरकारी दवाखान्यात दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय होकार देऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या पिशव्या काढल्याच्या बातम्या २०१९ साली राज्यभर गाजल्या, त्या आपण ऐकल्या आहेत. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर कमी वयातच हाडं ठिसूळ व्हायला लागतात, आणि थकवा जायच्या ऐवजी वाढतो.

रक्त १२ च्या वर आहे आणि तरी अंग गळतंय, असंही होतं. मग थायरॉइड, साखर, बी-१२ तपासायला हवं. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असेल तर थुंकी तपासा. कशातच मन लागत नसेल, झोप उडाली असेल, रडू येत असेल, तर तेही डॉक्टरांना सांगा. तोही आजार आहे आणि त्यावरही उपचार आहेत.

आणि काही थकवा निव्वळ कामाचा असतो, हेही कबूल करू. पहाटे चारला नळाचं पाणी, मग स्वयंपाक, मग रोजगार, संध्याकाळी परत चूल. त्याला गोळी नाही. आमच्यातल्या दोघींच्या घरी पाणी भरायचं काम आता मुलगे करतात. सहजासहजी झालं नाही, महिनाभर कुरकुर चालली. एकीच्या सासूबाईंनीच शेवटी नातवाच्या हातात घागर दिली.

परतल्यावर आम्ही आमच्या गटाच्या वहीत बचतीच्या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला. आधी त्यात प्रत्येकीचा रक्ताचा आकडा लिहायचं ठरलं होतं. पण दोघी म्हणाल्या, आमचा आकडा चारचौघींत नको, घरी कुणी वही पाहिली तर सून आजारी म्हणून बोलणी बसतील. बरोबर होतं त्यांचं. म्हणून आता त्या रकान्यात फक्त 'झाली' किंवा 'बाकी' एवढंच लिहितो, आणि आकडा जिच्या तिच्या कार्डावर. एकोणीस जणींपैकी चौदा झाल्या. पाच जणी ऊसतोडीला गेल्या आहेत, त्या पाडव्याच्या सुमारास परत आल्या की नर्सबाई पुन्हा येणार आहेत.