रिकामा, पण कोरा नव्हे

पायथॉनमध्ये आकडेमोड करणाऱ्यांच्या रोजच्या वापरातली लायब्ररी म्हणजे नम्पाय. तिच्यातल्या ‘एम्प्टी’ या फंक्शनकडे तीन दशांश संख्यांचा ॲरे मागा आणि छापून पाहा. कधी शून्यं दिसतील, कधी मघाशी टाकून दिलेल्या दुसऱ्याच ॲरेचे आकडे, तर कधी ६.९ गुणिले १० चा उणे ३१० वा घात अशी चक्रावणारी संख्या. नवशिक्याला वाटतं, काहीतरी बिघडलं.

बिघडलेलं काही नसतं. मराठीत रिकामं वेगळं आणि कोरं वेगळं. एम्प्टी जागा रिकामी देतं, कोरी करून देत नाही. आधीचे बाइट तिथे तसेच पडून असतात. त्या विचित्र संख्येचाही उगम सांगता येतो. ६४ बिटांच्या लिनक्सवर मेमरीतले पुष्कळ पत्ते १४० लाख कोटींच्या आसपासचे पूर्णांक असतात. असा एखादा जुना पत्ता एका दशांश संख्येच्या ८ बाइटांत उरला आणि आपण तो दशांश संख्या म्हणून वाचला, की नेमकी हीच संख्या निघते. किती सुंदर खूण आहे ही!

हे फंक्शन आहे ते वेळ वाचवण्यासाठी. १ कोटी दशांश संख्यांना ८ कोटी बाइट लागतात. पुढच्याच ओळीत सगळी घरं भरायची असतील, तर आधी शून्यं लिहिणं हे दुप्पट काम. मात्र ही बचत नेहमीच मोठी नसते. एका प्रोग्रामचा मजकूर दुसऱ्याला दिसू नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीची नवी पानं शून्य करूनच देते, आणि तेही सहसा पानाला पहिल्यांदा हात लागेल तेव्हा. त्यामुळे मोठा ॲरे शून्यांनी भरून देणाऱ्या ‘झीरोज’ या फंक्शनकडे मागितला तरी तो झटकन मिळतो.

खरा धोका मला या ताज्या पानांतच दिसतो. चाचणीच्या वेळी एम्प्टीच्या ॲरेत शून्यंच असतात, त्यामुळे त्यात साठवत नेलेली बेरीज बरोबर येते. पुढे त्याच प्रोग्रामला स्वतःचीच वापरलेली जागा परत मिळते आणि उत्तर चुकतं. चूक झाल्याचा संदेश मात्र कुठेच उमटत नाही. पायटॉर्च या लायब्ररीत, दर वेळी तेच उत्तर यावं अशी सेटिंग चालू केली, की दशांश संख्यांच्या अशा जागा ‘नॅन’ने, म्हणजे ‘ही संख्याच नाही’ असं सांगणाऱ्या खास मूल्याने, भरल्या जातात. नॅन मिसळलं की अख्खी बेरीज नॅन होते, चूक लपत नाही.

प्रत्येक घर आपणच भरणार याची खात्री असेल तरच एम्प्टी वापरा. ज्या ॲरेत बेरीज साठवत जायची आहे, त्यासाठी झीरोजच घ्या.