पंडित, प्राध्यापक आणि रसेल

१९८३ साली पुण्यात दोन तऱ्हेचे तत्त्वज्ञ समोरासमोर बसले. एकीकडे पाठशाळेत घडलेले, न्यायशास्त्र, म्हणजे भारतीय तर्कशास्त्र, मुखोद्गत असलेले, संस्कृतातून विचार करणारे पंडित. दुसरीकडे विद्यापीठांत इंग्रजीतून तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक. हे दोघे एकाच देशात, कधी कधी तर एकाच गावात राहत, पण एकमेकांशी बोलत नसत. पुण्यात त्यांना एकत्र आणण्यात जयपूरचे दया कृष्ण आणि महाराष्ट्राचे मे. पुं. रेगे यांचा पुढाकार होता. चर्चेला निवडला होता ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल. त्याचे म्हणणे संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवले गेले.

रेगे मुंबईच्या कीर्ती महाविद्यालयाचे प्राचार्य होते आणि ‘नवभारत’ मासिकाचे संपादकही. वाईच्या प्राज्ञपाठशाळेशी त्यांचे जवळचे नाते जुळले. लक्ष्मणशास्त्री जोशी त्याच पाठशाळेत घडले. तर्कतीर्थ ही पदवी मिळवलेला हा शास्त्री पुढे मार्क्सवादातून पुढे आलेले विचारवंत मानवेंद्रनाथ रॉय यांचा सहकारी झाला आणि त्याने हिंदू धर्माची परखड समीक्षा लिहिली. शास्त्र्याने मार्क्स वाचावा आणि प्राध्यापकाने गौतमाची न्यायसूत्रे उघडावीत, यात वाईला वावगे काही नव्हते. पुण्याच्या बैठकीमागे ही पार्श्वभूमी आहे.

न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरे काय ते कळावे म्हणून प्रमाण आणि तर्क यांच्या आधारे दोन्ही पक्षांनी केलेली चर्चा म्हणजे वाद. जिंकण्यासाठी केलेली चर्चा म्हणजे जल्प. त्यात शब्दच्छलही चालतो. स्वतःचा पक्ष न मांडता फक्त दुसऱ्याचे खोडून काढणे ही वितंडा. आज मराठीत ‘वाद’ म्हटले की भांडण आठवते. मूळ अर्थ हरवला याची खंत वाटते, कारण तो फार नेमका होता.

याच ग्रंथात हरण्याची बावीस कारणे, म्हणजे निग्रहस्थाने, दिली आहेत. त्यांतले एक मुद्दाम सांगण्यासारखे आहे. प्रतिपक्षाचे म्हणणे तीनदा सांगून झाले, सभेला ते समजलेही, आणि तरी तुम्हाला त्याचा अनुवाद करता आला नाही, तर तुम्ही हरलात. म्हणजे उत्तर देण्याआधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडून बरोबर आले पाहिजे. पुण्यात प्राध्यापकांना रसेल संस्कृतात मांडावा लागला, तेव्हा त्यांचीही हीच परीक्षा झाली.

आता प्रश्न कोणता होता तो पाहू. आपण विधान करतो, तेव्हा ते नेमके कशाचे बनलेले असते? ‘माँ ब्लाँ पर्वत ४,००० मीटरहून उंच आहे’ असे म्हटले, तर त्या विधानात काय असते? १९०४ साली जर्मन तर्कशास्त्रज्ञ फ्रेगेने रसेलला कळवले की बर्फाच्छादित पर्वत काही विचाराचा भाग असू शकत नाही. रसेलचे उत्तर उलट होते: बर्फासकट तो पर्वतच विधानाचा घटक आहे. पण मग खोट्या विधानाचे काय? त्याच्याशी जुळणारी वस्तुस्थिती तर जगात नसते. पुढे १९१२ च्या पुस्तकात रसेलने शेक्सपिअरच्या ऑथेल्लोचे उदाहरण घेतले. डेस्डेमोनाचे कॅसिओवर प्रेम आहे, असे ऑथेल्लो मानतो. डेस्डेमोना आहे, कॅसिओ आहे, प्रेम नावाचा संबंधही जगात आहे. फक्त ऑथेल्लोने त्यांची जुळणी चुकीची केली आहे.

न्यायदर्शनाच्या पंडितांना, म्हणजे नैयायिकांना, ही वाट परकी नव्हती. शिंपल्याला चांदी समजण्याचा भ्रम हे त्यांचे जुने उदाहरण. शिंपला समोर आहे, चांदीही दुसरीकडे कुठेतरी आहे. चूक आहे ती एकाचा धर्म दुसऱ्यावर लावण्यात. मात्र शब्द, ज्ञान आणि वस्तू यांच्यापलीकडे ‘विधान’ नावाचा वेगळा पदार्थ न्यायाला लागत नाही. तो नसताना काम भागते का, हा प्रश्न इंग्रजीत शिकलेल्यांपुढेही तितकाच खरा होता. या संवादातून आलेला ‘संवाद’ हा ग्रंथ १९९१ साली निघाला.

पुण्यानंतरही अशा बैठका झाल्या. त्यांतल्या सारनाथच्या बैठकीत काशीचे नैयायिक बदरीनाथ शुक्ल यांनी जे मांडले, ते ऐकणाऱ्यांना अनपेक्षित होते. न्यायदर्शनात आत्मा हे स्वतंत्र द्रव्य आहे. देहालाच आत्मा मानणे हे चार्वाकाचे मत, आणि ते खोडण्यात नैयायिकांच्या पिढ्या गेल्या. शुक्लांनी विचारले की आत्म्याकडे सोपवलेली कामे देह आणि मन यांच्यात वाटून दिली, तर न्यायाची चौकट टिकेल का? आपले दर्शन सोडून ते चार्वाक झाले नव्हते. प्रतिपक्षाचा सर्वांत जुना आक्षेप त्यांनी न्यायाच्याच परिभाषेत, जितका भक्कम करता येईल तितका करून, आपल्याच लोकांपुढे ठेवला होता.