विहिरीचा पंप आणि संगणकाचा पंप

श्रोतेहो, पंप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर विहीर उभी राहते. पाणी किती खोल, मळा किती उंच, हे पाहून आपण पंप घेतो. पण काही संगणकही पाण्याने थंड ठेवतात, आणि तिथेही पंप लागतो. शाळेतल्या साध्या संगणकाला पंखा पुरतो, हे खरे. परंतु अवजड कामाचा संगणक कोणी स्वतः जुळवू लागला, तर पंप कसा निवडावा?

टाकीतले पाणी पंपातून निघते, तापणाऱ्या भागांवर बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्यांतून जाते, रेडिएटरमध्ये निवते आणि पुन्हा टाकीत येते. वाट बंद आहे. जितके पाणी वर चढते तितकेच खाली उतरते. म्हणून नळ्या एकदा भरल्या, की उंचीचा भार उरत नाही. उरते ते घर्षण. ठोकळ्यांतल्या फटी फार बारीक असतात ना!

येथेच फसगत होते. माझ्या एका विद्यार्थ्याने खोक्यावरचा ‘तासाला इतके लिटर’ हा मोठा आकडा पाहून पंप घेतला. पाणी मात्र रडतखडत वाहू लागले. पैसे वाया गेले. कारण तो आकडा पुढे काहीच अडथळा नसतानाचा असतो, आणि हेडचा आकडा पाणी पुरते अडले असतानाचा. दोन्ही एकदम मिळत नाहीत. तेव्हा दोन्ही आकडे पाहा, आणि पंपाचा आलेख मिळाला तर तो जरूर पाहा. डी-५ या प्रचलित पंपाचे हेड सुमारे ४ मीटर असते. दोन ठोकळे व दोन रेडिएटर यांना तेवढे सहसा पुरते.

मग पाणी किती वाहावे? मिनिटाला ४ लिटर पुष्कळ झाले. शिक्षकबंधूंनी हा हिशेब मुलांकडून करवून घ्यावा: ३०० वॅट उष्णता एवढ्या पाण्यात गेली, तर ते जेमतेम १ अंश तापते. प्रवाह दुप्पट केला, तरी अर्धाच अंश वाचेल. आवाज मात्र वाढेल. अधिक थंडावा हवा असेल, तर पैसे रेडिएटरवर खर्च करावेत.

आणखी एक गोष्ट. विहिरीवरच्या पंपात आपण आधी पाणी भरतो, तसेच इथेही आहे. हे पंप स्वतः पाणी ओढून घेत नाहीत, आणि कोरडे फिरले तर बिघडतात. म्हणून टाकी पंपाच्या वर ठेवावी, आणि पंपात पाणी आल्यावरच बटण दाबावे.