एक घर, दोन बिऱ्हाडं!

पुलगावला माझ्या बहिणीकडे सायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज १०. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या दुरुस्त्या थांबवल्या, आणि विंडोज ११ काही त्या म्हाताऱ्या मशीनला पेलेना. नववीतल्या भाच्यानं ठरवलं, शेजारी लिनक्स टाकायचं. फोन आलाच, “मामाजी, एका कॉम्प्युटरवर दोन ऑपरेटिंग सिस्टिम ठेवल्या, तर परवानेही दोन लागतात का?”

प्रश्न लाखमोलाचा! डिस्कचे भाग पाडून दोन सिस्टिम ठेवता येतात. कॉम्प्युटर सुरू करताना कोणती हवी ते निवडायचं. याला म्हणतात ड्युअल बूट. एक घर, दोन बिऱ्हाडं. पण प्रत्येक बिऱ्हाडाचा करार वेगळा बरं का!

करार कसला? आपण सॉफ्टवेअर विकत आणलं म्हणतो, पण खरं तर घेतो ती वापरायची परवानगी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९८४ सालच्या दुरुस्तीनं प्रोग्रॅमही आला, तोही ‘साहित्यकृती’ म्हणून. म्हणजे कथा-कवितांच्या पंगतीत! मग परवानगीशिवाय प्रत काढणं आलं कुठून?

विंडोजचा हिशेब सरळ आहे. एक परवाना, एक कॉम्प्युटर, एक प्रत. नव्या कॉम्प्युटरसोबत आलेला परवाना तर बहुधा त्याच मशीनला बांधलेला असतो. शेजारी लिनक्स राहायला आलं म्हणून तो रद्द होत नाही. पण एकाच परवान्यावर एका भागात विंडोज १० आणि दुसऱ्यात विंडोज ११? ते नाही चालत. खरी गंमत व्हर्च्युअल मशीनची. हा कॉम्प्युटरच्या पोटातला खोटा कॉम्प्युटर, पण त्यात विंडोज घातली तर परवाना मात्र खरा आणि वेगळा लागतो. बरेच जण इथंच फसतात. अ‍ॅपलची तऱ्हा आणखी निराळी. त्यांची मॅक ओएस फक्त अ‍ॅपलच्याच कॉम्प्युटरवर चालवायची, असं करारात लिहिलेलं आहे.

आणि लिनक्स? लिनस टोरवाल्ड्सनं ते १९९१ मध्ये लिहिलं आणि १९९२ मध्ये जीपीएल या परवान्याखाली आणलं. हा परवाना रिचर्ड स्टॉलमनचा. वापरा, उघडून बघा, बदला, वाटा, हवं तर विका. दहा मशीनवर टाकलं तरी कोणी विचारणार नाही.

वर्धेकरांना यावरून सेवाग्राम आठवायला हवं. गांधीजी तिथं १९३६ मध्ये राहायला आले. त्याआधी कितीतरी वर्षं, १९१० मध्ये, आफ्रिकेत ‘हिंद स्वराज’चं इंग्रजी पुस्तक काढताना त्यांनी ‘कोणतेही हक्क राखून ठेवलेले नाहीत’ असं छापलं होतं. जीपीएल मात्र तसं म्हणत नाही. तो हक्क राखतो, आणि त्याच हक्काच्या जोरावर अट घालतो. बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला दिलात, तर त्याचा मूळ मजकूरही द्या आणि हेच स्वातंत्र्य त्यालाही द्या. फुकट म्हणजे बिनकराराचं, असं समजू नका.

इतकं सगळं मी फोनवर सांगितलं. मग म्हटलं, “आधी आपल्या विंडोजचा परवाना बघ रे.” भाच्यानं सेटिंग्ज उघडल्या. तिथं लिहिलेलं, विंडोज ‘तुमच्या संस्थेच्या’ व्यवस्थेतून सक्रिय केली आहे! आता सायकलच्या दुकानाची कसली आली संस्था? बिल काढलं, तर त्यावर नुसतं ‘कॉम्प्युटर सेट’. ज्यानं मशीन जोडून दिलं, त्यानं कुठली तरी चोरटी युक्ती वापरली होती.

म्हणजे दुसऱ्या बिऱ्हाडाची चौकशी करता करता पहिलंच बेकायदा निघालं. भाऊजी आधी हसले, मग गप्प झाले. त्यांचा बिलाचा प्रोग्रॅम फक्त विंडोजवर चालतो.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेलो, तेव्हा मशीनवर एकटं लिनक्स होतं. भाचा लिबरऑफिसच्या तक्त्यात चेन, ब्रेक, घंटी असं सारं सामान किमतींसह टाइप करत होता. भाऊजी शेजारी वही घेऊन, “सीटचे भाव बदललेत, बरं का!”