अंगठा, आधार आणि खाडा

नागपूरच्या दक्षिणेस वर्धा मार्गावर वसलेल्या बुटीबोरीत एमआयडीसीची विस्तीर्ण औद्योगिक वसाहत उभी राहिली, कापड, टायर, कृत्रिम धागा अशा कारखान्यांमागोमाग परप्रांतीय कामगार आले आणि पाहता पाहता गावाची नगरपरिषद झाली. माहिती तंत्रज्ञानाने शहरी जीवनात नेमके काय पालटले, हे संगणक कंपन्यांच्या उंच इमारतींपेक्षा अशा कामगारवस्तीत अधिक स्पष्ट दिसते. कारण रोजंदारीवरच्या माणसाला सरकारी कार्यालयाची एक खेप म्हणजे एक खाडा, अर्थात बुडालेली मजुरी असते.

एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात मोबाइलवरून तत्काळ रक्कम पाठवणारी यूपीआय ही यंत्रणा २०१६ मध्ये सुरू झाल्यावर गावी पैसे धाडण्यासाठी रांगेत उभे राहण्याची गरज फारशी उरली नाही. १४ एप्रिल २०१७ रोजी नागपुरातच पंतप्रधानांच्या हस्ते भीम-आधार सेवेचा प्रारंभ झाला, तिचा उद्देश खरेदीदाराकडे मोबाइल नसला तरी त्याला अंगठ्याच्या ठशावर पैसे चुकते करता यावेत हा होता.

ठशाचीच गोष्ट रेशन दुकानातही आहे. ‘एक देश, एक रेशन कार्ड’ योजनेमुळे बिहारमधल्या शिधापत्रिकेवरील धान्याचा काही वाटा बुटीबोरीत उचलता येतो आणि उरलेला कुटुंबाला गावी मिळतो. मात्र त्यासाठी ई-पॉस यंत्राने, म्हणजे ठसा आधारच्या नोंदीशी ताडून पाहणाऱ्या यंत्राने, बोट ओळखावे लागते. हाताने जड काम करणाऱ्यांच्या बोटांवरील रेषा झिजतात, तेव्हा ज्याच्यासाठी सोय केली त्यालाच यंत्र नाकारते, हा या व्यवस्थेतील सर्वांत मोठा दोष मानावा लागेल.

भविष्यनिर्वाह निधीत मात्र पारडे कामगाराकडे झुकले आहे. २०१४ पासून मिळणारा यूएएन हा खातेक्रमांक ठेकेदार बदलला तरी तोच राहतो आणि दरमहाची जमा उमंग या सरकारी ॲपवरील पासबुकात दिसते. कापलेला हप्ता महिना संपल्यावर पंधरा दिवसांत भरणे मालकावर बंधनकारक आहे; म्हणून कामगाराने पंधरा तारखेनंतर पासबुक पाहावे आणि मागील महिन्याची नोंद नसल्यास ठेकेदाराला जाब विचारावा.